तिशीत पेशी गोठवा, नाहीतर बेजबाबदार?

रानजाई: कालच्या धाग्यात एकाने लिहिलंय, "तिशीतच रक्तातल्या टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून गोठवा, म्हातारपणी कॅन्सर झाला तर त्याच कामी येतील. न करणारा बेजबाबदार." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. वयात आल्यापासून थायमस ग्रंथी आक्रसत जाते, नव्या टी पेशी कमी बनतात, सगळं मान्य. त्यातून 'आत्ताच पैसे भरा' कसं निघतं? तरुणपणी गोठवलेल्या पेशी सत्तरीत देऊन बरा झालेला एक तरी रुग्ण दाखवा.

गारगोटी: ते मीच लिहिलं. आज तिशीत ठेवलेल्या पेशींचा सत्तरीतला रुग्ण आजच कुठून आणू? माझ्या वडिलांचं सांगतो. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. तीन प्रकारच्या किमो झाल्यावर कार-टीसाठी, म्हणजे रुग्णाच्याच टी पेशी लॅबमध्ये बदलून, वाढवून कॅन्सरवर सोडायच्या उपचारासाठी, पेशी काढल्या. चार तास दोन्ही हातांत सुया, ओठांना मुंग्या येत होत्या, नर्स कॅल्शियम देत होती. एवढं करून लॅबमध्ये पेशी वाढल्याच नाहीत. किमोने दमल्यात, असं डॉक्टर म्हणाले. आजाराआधीच्या ठेवलेल्या असत्या तर?

पाचवा_मजला: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण बाळाच्या नाळेचं रक्त पुढच्या आजारपणासाठी बँकेत ठेवा म्हणणारेही हेच बोलायचे. सातव्या महिन्यात सोनोग्राफीच्या रांगेत एजंटने गाठलं, "ही संधी परत नाही." बायकोच्या पाटल्या मोडल्या. पुढे मुलीला थॅलेसेमिया मेजर, रक्ताचा आनुवंशिक आजार, निघाला. तेव्हा कळलं, तिच्या नाळेच्या रक्तातही तोच दोष! हप्त्याचे मेसेज मात्र अजून येतात.

तांबडफुटी: स्वतःच्याच वापरासाठी नाळेचं रक्त साठवायची शिफारस आयसीएमआर, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, करत नाही. हे त्या रांगेत कुणी सांगायला नको?

मधली_आळी: म्हणून नाळेचं रक्तच कुचकामी ठरवू नका. १९८८ साली पॅरिसमध्ये फॅन्कोनी अॅनिमिया (रक्त नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेचं रक्त दिलं, त्यावर तो बरा झाला. दान करा, भावंडं आजारी असतील तर ठेवा.

पाचवा_मजला: कुचकामी कोण म्हणालं? माझी लेक दर तीन आठवड्यांनी रक्त चढवून घेते. मला पॅरिस शिकवू नका.

मधली_आळी: शिकवत नव्हते. माझ्या भाच्याला दात्याच्या नाळेच्या रक्ताने जीवदान मिळालंय, म्हणून राहवलं नाही. तुमच्या बाबतीत फसवणूकच झाली.

रानजाई: अहो, मूळ प्रश्नावर या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून आलेल्या कार-टीला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशात काही कोटी लागतात, इथे काही लाख. तेसुद्धा किती घरांना झेपतात? पेशी नुसत्या गोठवून उपचार होत नाही, त्या घडवायचा खर्च पुढे आहेच. त्यापेक्षा आईबाबांना न्यूमोनियाची लस द्या.

गारगोटी: वडिलांना लस दिली होती. तिने लिम्फोमा थांबत नाही.

रानजाई: ...हो. ते चुकलं माझं. निदान झाल्यावर, किमो पेशी थकवायच्या आत काढून ठेवायला माझी हरकत नाही. डॉक्टरांनी तो विषय आधीच काढायला हवा. पण धडधाकट माणसाला भीती घालून वर्षानुवर्षं हप्ते? नाही म्हणजे नाही.

गारगोटी: 'बेजबाबदार' मागे घेतो. बाकी एक अक्षर नाही. मी पस्तिशीचा आहे आणि माझ्या पेशी ठेवणार.

पाचवा_मजला: ठेवा. फक्त सही करण्याआधी करारात बघा, बँक बंद पडली तर पिशवी कुणाकडे जाणार. मी ते पान वाचलंच नव्हतं.