टोपीची जुनी अमेरिकन रायफल घेण्याआधी नेमकं काय तपासायचं?

प्रश्न

ओहायोतल्या एका लिलावात ठासणीची (तोंडातून दारू-गोळी भरायची) हाफस्टॉक, म्हणजे दस्ता नळीच्या निम्म्यापर्यंतच असलेली, रायफल आहे. नळी अष्टकोनी, ३४ इंच लांब, जाडी ७/८ इंच, भोक साधारण ०.३८ इंच. दस्त्यावरचं धातूचं सामान पितळी, चाप दोन. लॉकच्या (घोडा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) पट्टीवर ‘गोल्चर’ असं नाव, नळीच्या माथ्यावर फक्त ‘जे. एस.’ ही अक्षरं. विकणारा म्हणतो, १८४०च्या सुमाराची, हॉकन या कारागिरांची आहे. घोडा मागे ओढला तर कुठेच थांबत नाही, परत खाली येतो. निपल (ज्यावर स्फोटक टोपी बसवतात ती छोटी नळी) गंजून घट्ट बसलंय. पाहणीला अर्धा तास मिळणार आहे. त्यात काय काय बघू?

लोखंडपारखी

आधी ती भरलेली आहे का ते बघा, बाकी सगळं नंतर. काळी दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेटते आणि जुन्या नळ्यांमध्ये भरलेला बार आजही सापडतो. ५/१६ इंच जाडीची लाकडी काठी न्या. नळीचं तोंड स्वतःकडे किंवा कोणाकडेही न धरता काठी बुडापर्यंत सोडा, तोंडाशी पेन्सिलीने खूण करा. मग तीच काठी खूण तोंडाला जुळवून नळीच्या बाहेरून ठेवा. तिचं टोक निपल ज्या ड्रममध्ये (नळीच्या बाजूला आट्यांनी बसवलेल्या छोट्या दंडगोलात) बसवलंय त्याच्या रेषेत किंवा किंचित मागे यायला हवं. इंचभर किंवा जास्त अलीकडे थांबलं तर आत दारू-गोळी आहे असंच धरा. नुसता कचराही असू शकतो, पण तसं गृहीत धरायचं नाही.

निपल तिथे खोलायच्या फंदात पडू नका. घरी आणल्यावर आधी नळी रिकामी असल्याची खात्री, मग गंज सोडवणारं तेल, रोज थोडं, काही दिवस. पाना निपलला तंतोतंत बसणाराच हवा. जोर लावला की निपलऐवजी ड्रमच फिरतो आणि त्याचे आटे जातात, म्हणून ड्रम पक्का धरून ठेवावा लागतो. भरलेल्या नळीला उष्णता कधीही देऊ नका. ते काम ठासणीच्या बंदुका जाणणाऱ्या गनस्मिथचं.

अक्रोड

हॉकन नाही ही. सेंट लुईसच्या जेकब आणि सॅम्युएल हॉकन यांच्या डोंगरी रायफली म्हणजे जाड आणि जड नळी, ०.५० इंचाच्या आसपास किंवा मोठं भोक, लोखंडी सामान, आकड्याने अडकणारं नळीचं बूड आणि माथ्यावर ठसठशीत नावाचा शिक्का. तुम्ही दिलेलं वर्णन पेनसिल्व्हेनिया-ओहायो पट्ट्यातल्या छोट्या शिकारीच्या रायफलीचं आहे. तीही चांगली गोष्ट आहे, फक्त त्याच किमतीला घ्या.

लॉकवरचं नाव हे बनवणाऱ्याचं नाव नव्हे. गोल्चर नावाची लॉक हार्डवेअरच्या दुकानांतून तयार मिळायची आणि गावोगावचे कारागीर ती बसवायचे. रायफल कोणाची हे नळीच्या माथ्यावरून ठरतं, म्हणून ‘जे. एस.’चा माग काढा. काउंटीनिहाय कारागिरांच्या याद्या छापलेल्या आहेत. पण नुसत्या दोन अक्षरांना तीन-चार नावं लागू होतात, तेव्हा दस्त्याची ठेवण आणि पितळी सामानाची घडणही जुळायला हवी. दस्त्यातून नळी काढू दिली तर तिच्या खालची बाजू बघा. नळीही बऱ्याचदा विकत घेतलेली असते आणि रेमिंग्टन कंपनीचा शिक्का असला तर तिथेच सापडतो.

चापकळ

घोडा थांबत नाही म्हणजे लॉक बिघडलंय असं लगेच समजू नका. दोन चापांच्या बऱ्याच जुन्या रायफलींत मागचा चाप ‘चढवल्या’शिवाय घोडा ना अर्ध्यावर थांबतो ना पूर्ण. कारण न चढवलेल्या चापाची पट्टी सिअरला (घोड्याला रोखून धरणाऱ्या कळीला) सतत वर दाबून ठेवते. मागचा चाप टक् आवाज येईपर्यंत ओढा, मग घोडा मागे घ्या. आता थांबला तर लॉक बहुधा ठीक आहे. उतरवताना घोडा अंगठ्याने घट्ट धरून पुढच्या चापाला हलकेच स्पर्श करा आणि हळू खाली आणा. घोडा रिकामा आपटला की निपलचं तोंड चेपतं.

चढवूनही थांबला नाही तर घोडा अडवणारी खाच झिजलीय किंवा सिअरची स्प्रिंग तुटलीय. लॉक उघडता आलं तर टंबलरमधला (घोड्याबरोबर फिरणाऱ्या, खाचा असलेल्या भागातला) ‘फ्लाय’ जागेवर आहे का बघा. तांदळाच्या दाण्याएवढा सुटा तुकडा असतो, पूर्वी कोणी लॉक खोलताना पडून हरवलेला असतो. तो नसला की घोडा पडताना सिअरचं टोक घोडा अर्ध्यावर थांबवणाऱ्या खाचेत अडकतं आणि दोन्ही कडा तुटत जातात.

लोखंडपारखी

अजून एक, आणि माझ्या मते सुरक्षेनंतर हेच सगळ्यात महत्त्वाचं: झीज जुळते का ते बघा. जुन्या टोप्यांच्या जळण्यातून राहिलेला क्षार ओल धरून ठेवतो, म्हणून ड्रमभोवती खड्डे पडतात. तसेच खड्डे लॉकच्या पट्टीवर शेजारी आणि घोड्याच्या ओठावर दिसले पाहिजेत, शेजारचं लाकूडही काळवंडलेलं हवं. नळीवर खड्डे आणि लॉक गुळगुळीत, म्हणजे लॉक मागाहून बसवलेलं. पट्टीवर बुजवलेली भोकं दिसली तर रायफल मुळात चकमकीची (टोपीऐवजी गारेच्या ठिणगीने उडणारी) होती. असं रूपांतर त्याच काळात सर्रास व्हायचं, तो दोष नाही.

नळीखाली रिकाम्या खाचा असतील तर पूर्ण दस्ता कापून हाफस्टॉक केलेला असू शकतो, किंवा खराब बूड कापून नळी मागे सरकवलेली.

प्रश्नकर्ता

आभार. दस्ता फार सुकलाय. अळशीचं तेल आणि नळीला पॉलिश चालेल का?

अक्रोड

दोन्ही नको. अळशीचं तेल लाकडात घट्ट होऊन काळं पडतं आणि नंतर निघत नाही. दस्त्याला मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा एक पातळ हात पुरे. नळीवरचा स्थिर तपकिरी रंग घालवलात तर संग्राहकांच्या लेखी किंमत तिथेच उतरली. लालसर, बोटाला लागणारा गंज तेवढा तेलात भिजवून काशाच्या लोकरीने हलक्या हाताने काढा.

१८९८ किंवा त्याआधीची असल्याने अमेरिकेच्या १९६८च्या केंद्रीय कायद्यानुसार ती ‘अँटिक’ ठरते, पण राज्याचे नियम वेगळे असू शकतात, ते बोलीआधी वाचा.