विचारलं म्हणून श्रद्धा दुखावत नाही

'धार्मिक संस्थेची शाळा आहे हे माहीत असूनच प्रवेश घेतलात ना, मग प्रार्थनेबद्दल कशाला विचारता?' हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. माझी मुलगी अशाच शाळेत आहे. पालकसभेत सगळे माना डोलावतात आणि खरं बोलणं होतं ते गेटबाहेर, स्कूटरला किल्ली लावता लावता. शिक्षकांपर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही.

पुण्याने याची किंमत मोजलेली आहे. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा, १८९० साली मुंबईहून इथे आलं. त्या दार उघडं ठेवून प्रार्थना करत, काही मुली आपणहून जाऊन बसत. मुलींना ख्रिस्ती केलं जातंय, असा त्यावरून वाद पेटला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर हे समाजसुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि कितीतरी मुलींना घरच्यांनी काढून नेलं. बालविधवा होत्या हो त्यांत! कितींचं शिक्षण तिथेच थांबलं असेल.

आज घटनेचं कलम २८(३) आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलांना उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही. संमती घ्यायची तर बोलावं लागणारच. पुढच्या सभेत मी मुख्याध्यापिकाबाईंना हे सरळ विचारणार आहे.