जवस खाऊन प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो का?
भाऊ, तुम्ही लिहिलं की रोज जवस खाल्लं की प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर होतच नाही, एवढं सरळ नाही ते. जवसात लिग्नान अन् सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन असतात, म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनसारखे वनस्पतीतले पदार्थ, ते शरीरातल्या इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाला, म्हणजे पेशीतल्या इस्ट्रोजेन पकडणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतात. २००६ साली स्वीडनचा एक अभ्यास आला होता, त्यात या रिसेप्टरच्या जीनमध्ये ठराविक फरक असलेल्या माणसांतच असं खाणं जास्त असलं तर धोका कमी दिसला, बाकीच्यांत काहीच नाही, अन् तोही लोकांना खाणंपिणं विचारून केलेला, औषधाची ट्रायल नव्हे. वरून लिग्नानचं एंटेरोलॅक्टोन, म्हणजे शरीरात काम करणारं रूप, करतात आतड्यातले जंतू, अँटिबायोटिक घेतलं की तेही कमी होते.

आमच्या वाशिम-यवतमाळकडं तर गंमतच, सोयाबीन पोत्यानं पिकते पण सारी मार्केट यार्डात जाते अन् घरी येते रिफाइंड तेल, त्यात आयसोफ्लेवोन जवळपास नसतातच. जवसाचंही तसंच, तेल काढलं की लिग्नान ढेपीत राहते, ढोरं खातात! त्यापेक्षा जवस भाजून लसूण-तिखट घालून कुटलेली चटणी भाकरीसंग खा, चवीला तरी झकास. पण बाबाला रात्री सारखं लघवीले उठा लागत असेल तर चटणीवर भागवू नका, डॉक्टरला दाखवा, पीएसएचं (प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीचं) विचारा.