मामा तलाव: लागवड नंतर, बेशरम आधी

कांदळवन पुन्हा उभं करताना आधी भरती-ओहोटीचं पाणी खेळतं करा, रोपं मग, हा नेहमी मांडला जाणारा मुद्दा अगदी बरोबर. भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांनाही (माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांकडे असलेले गावतलाव) तो तसाच लागू पडतो: आधी तलाव तयार करा, पाणवनस्पतींची लागवड मग.

इथला पहिला शत्रू बेशरम, तलावात माजणारं झुडूप. ती विळ्याने कापू नका. बुडखा राहिला की पावसाळ्यात दुप्पट जोमाने फुटतो, आणि कापलेला तुकडा ओल्या गाळात पडला तर पेरापेरातून मुळं सोडतो. एप्रिल-मेमध्ये पाणी ओसरलं की कुदळीने मुळासकट खणून काढा, पाळीपलीकडे (तलावाच्या बांधापलीकडे) नेऊन कडक उन्हात वाळवा. पहिल्या पावसानंतर आणखी एक फेरी हवीच; सुटलेले कोंब तेव्हा हातानेही निघतात.

उघडा पडलेला तळ फार कडक असतो. नांगरला नाही तर पाणवनस्पतींची मुळं धरत नाहीत. फूट-दीड फूट पाणी साचलं की जवळच्या चांगल्या तलावातून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती आणून चिखलात खोचा. जुड्या आधी धुऊन, निवडून घ्या, नाहीतर जलकुंभी सोबत येते. कुठली वनस्पती किती खोलीत रुजते, हे ढिवर मंडळींना, म्हणजे इथल्या मासेमार समाजाला, विचारूनच ठरवा.

खरा घात यानंतर होतो. त्याच वर्षी तलावात गवत्या (ग्रास कार्प, पाणवनस्पती खाणारा मासा) सोडला जातो. तो कोवळी लागवड फस्त करतो आणि मरळ या स्थानिक माशाला अंडी घालायला आडोसा उरत नाही. निदान दोन-तीन वर्षं गवत्या नको, हे मत्स्यसंस्थेशी बोलून ग्रामसभेच्या ठरावातच लिहून घ्या.

गाळ काढताना काठाचा उथळ उतारही मोडू नका. लागवड जगते ती तिथेच.