घंटागाडीवर वाजवायचं कोरोनाच्या साथीतलं गाणं

खंजिरीप्रेमी, दर्यापूर:
कोरोनात काय काळजी घ्यायची, याचं घंटागाडीसाठी खंजिरी भजनाच्या चालीवर गाणं बसवतो आहे. घरात शब्द समजतात, गाडीच्या भोंग्यावर नाही. लांबी किती ठेवू? काय टाळू?

ढोलकी, उमरेड:
भाऊ, केरवा धरा, मिनिटाला ९६ मात्रा. ८ मात्रांची ४ आवर्तनं म्हणजे बरोब्बर २० सेकंद, हात धुवायला लागतात तेवढीच. म्हणून धृपद चारच ओळींचं करा, एका आवर्तनात एक ओळ आणि एका ओळीत एकच काम. अंगठा आणि नखं हमखास राहून जातात, ती धृपदातच घ्या: ‘आंगठा घास बापा, नखं घास’. गाडी दारासमोरून निघून जाते, म्हणून सुरुवात धृपदानंच करा, लांब आलाप नको. भोंग्यात खालचे सूर येतच नाहीत आणि जलद शब्द एकमेकांत मिसळतात. वाद्यांचा आवाज हळू ठेवा, ओळीनंतर दोन मात्रा मोकळ्या सोडा.

गटप्रवर्तक, आर्वी:
‘मुंबईहून रोग आला’ अशी ओळ कृपा करून नको. परतलेल्या मजुराच्या घराला गाव वाळीत टाकतं, मग तो ताप लपवतो आणि घरची म्हातारी माणसं धोक्यात येतात. त्यापेक्षा ‘ताप आला त आशाताईले सांग’ म्हणा. विलगीकरणाचे दिवस बदलतात, ते अंतऱ्यात ठेवा. तेवढाच नव्यानं रेकॉर्ड होईल.

ढोलकी, उमरेड:
ताईंचं अगदी खरं. आणि कोरस बंदिस्त देवळात एकत्र गाऊ नका, मोठ्यानं गाताना तुषार जास्त उडतात. एकेकानं मोबाईलवर रेकॉर्ड करावं, मोबाईल तोंडापासून वीतभर लांब, पंखा बंद.