मंडळाचा मयत फंड आणि १ लाखाची हमी, भरावे का?

बिबवेवाडीकर: आमच्या समाज मंडळात वडिलांच्या वेळेपासून मयत फंड आहे, कोणी गेलं की घरटी २०० रुपये काढतात आणि त्याच दिवशी नेऊन देतात. आता नव्या कमिटीने पत्रक काढलंय की एकदाच ५००० भरा, घरात कोणीही गेलं तर १ लाख हमखास. सेक्रेटरी म्हणतात मंडळ धर्मादायकडे रजिस्टर आहे, काळजी नको. आई सत्तरीची आहे, तिने पैसे काढूनही ठेवलेत. भरू का?

कर्वेनगर_ताई: आईंना थांबवा आधी. धर्मादायची नोंदणी म्हणजे विम्याचं लायसन नव्हे. आधी पैसे घेऊन मयतीनंतर ठरलेली रक्कम देईन म्हटलं की तो विमाच झाला, आणि १९३८ च्या विमा कायद्यात त्याला आयआरडीएआयची, म्हणजे विम्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी लागते, भांडवल १०० कोटी. छोट्या रकमेचा विमा देणाऱ्या प्रॉव्हिडंट सोसायट्यांसाठी पूर्वी त्याच कायद्यात वेगळा भाग होता, तो २०१५ मध्ये काढून टाकला. २०० ची वर्गणी वेगळी, त्यात जमेल तेवढं देतात, हमी कुठे आहे?

पर्वती७१: ताईंचं पटतं पण जुना फंड कोणी बंद पाडू नका हो. आमचे अण्णा गेले तेव्हा वैकुंठ स्मशानभूमीत न्यायच्या आधी फंडवाले पाकीट घेऊन दारात उभे, आत दहा-वीसच्या नोटासुद्धा होत्या म्हणजे रात्रीतून घरोघरी फिरून जमवलेले, त्या वेळी एटीएमला जायचंही कोणाला सुचत नव्हतं.

हिशोबनीस: २०० घरं धरा, ५००० प्रमाणे १० लाख, म्हणजे दहा मयतींत फंड संपला. मग काय करणार, हमी पाळायला परत सगळ्यांकडून काढणार? अमेरिकेत १८६८ साली पेनसिल्व्हेनियात कामगारांची एक बंधुसंघटना निघाली, कोणी गेला की प्रत्येकाने १ डॉलर द्यायचा. पुढे सभासद म्हातारे झाले, मयती वाढल्या, सारखं कोण भरणार म्हणून तरुण येईनात, अशा कितीतरी संघटना बुडाल्या. म्हणून तिथली राज्यं आता असल्या संघटनांना वयाप्रमाणे हप्ता आणि राखीव निधी ठेवायला लावतात. तुमच्या पत्रकात वय विचारलंय का? मंडळाला हवंच असेल तर विमा कंपनीकडून ग्रुप पॉलिसी घ्या. पन्नाशीच्या आतल्यांना बँकेत पीएमजेजेबीवाय (प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना) आहे, वर्षाला ४३६ रुपयांत २ लाख.

बिबवेवाडीकर: वयाचा रकानाच नाहीये पत्रकात! रविवारी सभा आहे, तिथे हा हिशोब मांडतो. आईचे ५००० तिच्याच खात्यात राहू देत, २०० ची वर्गणी मात्र चालू ठेवणार.