उन्हाळ्यात ‘फुकटच्या गारव्यासाठी’ टाकीजला जाणारी लोकं (म्हंजे आपणच)

परभणीचा_पक्या
परवा एका भावानं लिहिलेलं वाचलं. मूळ अंबाजोगाईचे, आता पुण्यात. त्यांचं म्हणणं असं की मराठवाड्यात एप्रिल-मेमधी टाकीजला जी गर्दी होती ती सिनेमाच्या प्रेमानं नाही, लोकं तीन तास फुकटच्या गारव्याला जातात, पडद्यावर काय चाललंय याचं त्यांना सोयरसुतक नसतं, अन् ज्याला खरंच सिनेमा कळतो तो घरी शांत बसून हेडफोन लावून बघतो. खाली ढिगानं लाईकचे बदाम पडलेत. मला काही राहावलं नाही, म्हणून लिहायलोय.

पहिलं, फुकटचा कसा काय? तिकीट काढतो ना आम्ही. शंभराच्या वरचं असलं तर १८ टक्के जीएसटी बी भरतो. दुसरं, घरी शांत बसून म्हणजे कुठं? दुपारी पारा ४३, वर पत्रे, पंखा गरम हवा फेकायलाय, लाईट कधी जाईल नेम नाही, मोबाईल हातात धरवत नाही. तिथं हेडफोन घालून एक रीळ बघून दाखवा, सिनेमा तर लांबच.

अन् एप्रिल-मेच का, तर आमच्याकडं माणूस मोकळाच तेव्हा असतो. हरभरा-गहू निघालेला, तूर विकून झालेली, मिरगाला टाईम हाय, शाळा बंद, भाचे-भाच्या मुक्कामाला, लग्नाचा बस्ता बांधायला घरचे सगळे तालुक्याला आलेले. बस्ता झाला की एक शो ठरलेला. आमच्या गावाकडच्या टाकीजला एसी नव्हता, बाजूच्या दारांना मोठाले कूलर लावायचे, वाळ्याचा वास सुटायचा, त्या दारापाशी बसणाराची पाठ मध्यांतरापर्यंत ओली व्हायची. तिथंच बसायला भांडणं व्हायची. म्हणून त्या माणसाला सिनेमा कळत नव्हता का? सगळे डायलॉग पाठ होते त्याला.

२०१६ आठवा. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. अन् २९ एप्रिलला सैराट लागला. घरी रांजण कोरडा, तरी लोकं टेम्पो भरून शहराला आलती. नुसता गारवाच पायजे होता तर लिंबाखाली बसली नसती का? ती पोरगी बुलेट चालवायली म्हणून आलती.

मूळ_अंबाजोगाई
माझंच लिहिलेलं आहे ते, नाव घेऊन बोललात तरी चाललं असतं. आधी म्हणता गारव्यासाठी गेलो तर काय बिघडलं, शेवटी म्हणता गारव्यासाठी नाहीच गेलो. एक काहीतरी ठरवा.

आणि उन्हाळी सिनेमा हे प्रकरणच आपलं नाही. अमेरिकेत २० जून १९७५ ला जॉज लागला, त्याच्या धंद्यानंतर तिकडे उन्हाळ्यात मोठे सिनेमे लावायची रीत पडली. आपल्याकडे उलट आहे, २००८ ला आयपीएल सुरू झाल्यापासून मोठे हिंदीवाले एप्रिल-मे शक्यतो टाळतात. २००९ ला तर निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले कमाईच्या वाट्यावरून भांडले, दोन महिने नवीन मोठा हिंदी सिनेमा नाही. मग तुमचा तो उन्हाळी रसिक तेव्हा काय बघत होता?

आणि सैराट करमाळ्याचा. करमाळा सोलापूर जिल्ह्यात येतो. उगाच मराठवाड्याच्या नावावर खपवू नका.

परभणीचा_पक्या
सैराट मराठवाड्याचा हाय असं मी कुठं म्हणलो? आम्ही बघितला म्हणलो. बघायला बी आता जिल्ह्याचा दाखला लागतो का?

अन् २००९ चं तुम्हीच काढलं ते बरं झालं. त्या दोन महिन्यांत मल्टिप्लेक्सचा एसी चालूच होता ना? नवा सिनेमा नव्हता तर पडदे ओस पडले, मालकांनी तोट्याची बोंब मारली. लोकं नुसत्या गारव्याला येत असते तर आली असती की, ऊन काय संपावर गेलतं का?

मूळ_अंबाजोगाई
ठीक, तेवढा मुद्दा घ्या. सणासुदीला एखादा दिला पाहिजे.

सुनबाई_जालनेवाली
मी दुपारी बाराच्या शोला लेकरांना घेऊन जाते आणि एसीसाठीच जाते, लाजायचं काय त्यात. घरातल्या कामातून तीन तास सुटका मिळते ते वेगळंच. फक्त आमच्या बर्फीला सोडून जायचं जिवावर येतं. हस्की जातीची कुत्री आहे, दोन वर्षांची. बेडरूममधे कूलर फुल करून, दारं-खिडक्या सगळं पॅक करून, कार्टून लावून जाते. आल्यावर धापा टाकत बसलेली असते बिचारी, टीव्ही बघून कंटाळत असेल.

आणि पाण्याचं कुणी बोलत नाही. पर्समधली साधी पाण्याची बाटली दारावर काढून घेतात. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मधे सांगितलंय, बाहेरचं खायला बंदी करायची तर करा पण प्यायचं स्वच्छ पाणी फुकट द्या. मी विचारलं तर त्या पोरानं कोपऱ्यातल्या फिल्टरकडं बोट केलं. ग्लास नाही. ओंजळीनं प्यायलं पोरगं माझं.

मोंढा_नाका
थांबा थांबा. जालन्यात हस्की???

उदगिरी_ढोरडॉक्टर
सुनबाई, सिनेमाचं राहू द्या बाजूला, आधी जाऊन ती खिडकी उघडा. चेष्टा नाही करलालोय.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, येतो तो पंजाच्या गादीला थोडासा. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा कूलर. आपला कूलर हवेत ओल सोडतो, त्याला बाहेर जायला वाट लागती. पॅक खोलीत तासाभरात सगळी हवा दमट होती, मग जिभेवरचं पाणी उडत नाही अन् ते जनावर कितीबी धापलं तरी आतून गार होत नाही. त्याचं अंग मुळातच ३८-३९ असतं. ते ४१ च्या वर गेलं की आमच्याकडं आणतात, लाळ घट्ट झालेली, हिरड्या लालभडक, मागचे पाय लटपटायलेत. तुम्ही म्हणताव धापा टाकायली कंटाळ्यानं. कंटाळ्यानं नाही ओ ताई.

सुनबाई_जालनेवाली
बाप रे. इतके दिवस कुणी सांगितलं नाही. आमच्या इथल्या डॉक्टरांनी तर उन्हाळ्यात केस भादरून टाका म्हणून सांगितलं, भादरून आणली पण.

उदगिरी_ढोरडॉक्टर
कुणी सांगितलं त्याचं नाव नका सांगू, आमच्याच धंद्यातला निघायचा. हस्कीला दोन थर असतात केसांचे. आतला मऊ थर विंचरून काढायचा, वरचा ठेवायचा, तो उन्हाला आडवा येतो. भादरला की ऊन थेट कातडीला. आता काय करताव, यंदा दिवसा बाहेरच काढू नका. फिरवायचं ते पहाटं नाहीतर रात्री आठच्या पुढं, आधी हाताची मागची बाजू डांबरावर ठेवून बघायची, सात-आठ सेकंद ठेवता आली नाही तर घरी परत. लागलंच ऊन तर साधं नळाचं पाणी पोटाला, मांड्यांत, पंजाला लावून पंखा, अन् लगेच दवाखाना. ओलं टॉवेल पांघरून ठेवू नका, आतल्या आत वाफ धरती.

मोंढा_नाका
मला एवढंच कळत नाही की सैबेरियाचं कुत्रं मराठवाड्यात आणायचंच कामून? आमच्याकडं आठवड्यातून एकदा नळ येतो अन् इथं कुत्र्याच्या कूलरची टाकी दिवसातून दोनदा भरायलेत. जायकवाडी उशाला अन् कोरड घशाला, आणि वरून हस्की. इकडं माझ्या पोरीला गेल्या साली गल्लीतल्या कुत्र्यानं पोटरीला धरलं, सरकारी दवाखान्यात लस संपलेली, दुसऱ्या गावाला पळालो इंजेक्शनासाठी. ह्या कुत्रंप्रेमी लोकांला सांगायचं कुणी?

सुनबाई_जालनेवाली
दादा, तुमच्या लेकीला चावलं ते वाईटच झालं, पण त्याचा माझ्या बर्फीशी संबंध काय? ती काय तुमच्या गल्लीत फिरते का?

मोंढा_नाका
संबंध असा की तुमच्यासारखेच लोक हौसेनं आणतात अन् जड झालं की बायपासला सोडून येतात. मी डोळ्यानं बघितलंय, पट्ट्यासकट लॅब्रॅडॉर. अन् मोकाटाला दारात बिस्किटं टाकणारे बी तुम्हीच. कोर्टानं सगळे उचला म्हणलं तर गळे काढले.

हँडबिल_जमवणारा
मूळ विषयावर थोडं. मला जुनी सिनेमाची हँडबिलं जमवायचा नाद आहे, गुलाबी-पिवळ्या पातळ कागदाची, रिक्षात भोंगा लावून वाटत फिरायचे ती. माझ्याकडच्या उन्हाळ्यातल्या बऱ्याच कागदांवर सगळ्यात मोठ्या अक्षरात काय छापलंय सांगू? ‘एअर कूल्ड’. त्याच्या खाली सिनेमाचं नाव, त्याच्या खाली नट-नटी. म्हणजे गारवा विकायला टाकीजवालेच बसले होते, प्रेक्षकाला कशाला दोष देता. आहे का कुणाला इंटरेस्ट? फोटो टाकतो.

उदगिरी_ढोरडॉक्टर
मोंढा_नाका भाऊ, कोर्टाचं अर्धंच सांगायलाव. ऑगस्ट २०२५ ला आधी दिल्लीतली सगळी उचला म्हणले, २२ ऑगस्टला तेच बदललं. नसबंदी अन् लस करून जिथून नेलं तिथंच सोडा, पिसाळलेलं किंवा चावरं असंल तर नाही. अन् रस्त्यावर कुठंबी खाऊ घालायचं नाही, त्यासाठी जागा ठरवून द्या. म्हणजे तुमचं बी थोडं, त्यांचं बी थोडं. आपल्या नगरपालिकांनी यातलं काय केलं ते विचारा, तिथं मी तुमच्या बाजूनं.

अन् पोरीची जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनटं धुतली होती का? पुढच्या वेळंला (येऊ नये) ते आधी, गाडी काढणं नंतर. चुना-हळद लावून येतात लोकं, मला रोज दिसतं.

मोंढा_नाका
मिरची पावडर लावलती शेजारच्या म्हातारीनं. आता हे पंधरा मिनटं पाणी आणायचं कुठून ते बी सांगा डॉक्टर. बादलीभर होतं घरात.

मूळ_अंबाजोगाई
धागा सिनेमाचा होता बहुतेक. असो. मराठवाड्यात कुत्रं पाळायचंच तर कारवान पाळा ना, लातूरकडं आजही पाळतात. आखूड केस, अंगावर चरबी नाही, रानात सशामागं पळणारं जनावर. आमच्या आजोबांकडं होतं. ज्वारीच्या भाकरीचा काला खायचं. हस्की म्हणजे नुसती रील बनवायची हौस.

सुनबाई_जालनेवाली
पुण्यात बसून मराठवाड्यानं काय बघायचं, काय पाळायचं सगळं तुम्हीच सांगा. सिनेमाला गेलो तर गारव्यासाठी, कुत्रं पाळलं तर रीलसाठी. तुमच्या सोसायटीत किती कारवान आहेत हो? मी मोजायला येते.

आणि रीलसाठी नाही आणली. दिराच्या मित्रानं पिल्लू आणलं होतं, पंधरा दिवसांत नको झालं, गोणीत घालून सोडायला निघाला होता. मोंढा_नाका म्हणतात तो बायपासच. मी मधे पडले म्हणून आमच्या घरी आहे ती. आता जालन्यात हस्की का, हा प्रश्न त्या मित्राला विचारा.

मोंढा_नाका
…बरं. हे आधी बोलायचं ना ताई. तुमचं सोडून बाकीच्यांसाठी माझं म्हणणं कायम.

मूळ_अंबाजोगाई
माझ्या सोसायटीत कारवान एकही नाही, हस्की आहेत, त्यांना एसी आहे आणि लिफ्ट पण आहे. समाधान? पण मुद्दा तोच राहतो, हौस ऋतू बघून करावी.

परभणीचा_पक्या
म्हणजे ऋतू बघून हौस करावी. हेच मी वर लिहिलेलं, उन्हाळ्यात टाकीजला जातो म्हणून. आता तुमच्या तोंडून आलं तर तत्त्वज्ञान झालं का?

हँडबिलवाले काका, फोटो टाकाच तुम्ही. परभणीच्या एखाद्या टाकीजचं असलं तर आधी ते टाका. कुत्र्याच्या नादात तुमचं कुणी वाचलंच नाही, खरा पुरावा तोच होता.

हँडबिल_जमवणारा
वाचलं एकानं तरी. परभणीची आहेत, एकावर मागे कुणीतरी बाजाराची यादी लिहिलीय, मीठ, काडेपेटी, कूलरचं गवत. स्कॅन करून टाकतो, फोटोत अक्षर पुसट येतंय.

उदगिरी_ढोरडॉक्टर
सुनबाई, खिडकी उघडली का?

सुनबाई_जालनेवाली
उघडली. कूलर खिडकीत बाहेरून बसवायला माणूस सांगितलाय, समोरचं दार दोन बोटं उघडं ठेवते. शनिवारचा शो रद्द केला, लेकरं फुगलीत. बर्फी फरशीवर पाय पसरून झोपलीय, धाप कमी वाटतेय. आणि इथून पुढं ज्यांना फुकटचा सल्ला द्यायला यायचंय त्यांनी येताना पाण्याचे दोन जार घेऊन यायचे, आमच्याकडं नळ परवा येणार आहे.